अपेक्षित गुण: अनुमान, दैव आणि पुरुषकार

वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला अंतिम परीक्षेच्या पुष्कळ आधीच त्याच्या यशाविषयी एक आकडा सांगितला जातो, आणि तो आकडा अपेक्षेहून कमी असला की शाळेतल्या एका साध्या नोंदीतून तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न उभा राहतो: जे अजून घडलेलेच नाही त्याविषयीचे विधान कितपत खरे मानावे, आणि ते ऐकणाऱ्या माणसाच्या हाती त्यानंतर काय उरते? भारतीय परंपरेत हा प्रश्न दैव आणि पुरुषकार यांच्या वादातून चर्चिला गेला आहे. दैव म्हणजे पूर्वी घडून गेलेल्या आणि आता फळ देऊ लागलेल्या कर्माचे बळ, तर पुरुषकार म्हणजे माणसाने या घडीला स्वतः केलेला प्रयत्न. या वादाची एक अत्यंत सूक्ष्म मांडणी खुद्द वैद्यकाच्या ग्रंथात, चरकसंहितेत, आढळते. त्यामुळे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न बाहेरून आणून चिकटवलेला ठरत नाही, तो त्याच्या भावी विद्येच्या पोटातलाच आहे.

बंगळूरमध्ये या प्रश्नाची दोन रूपे शेजारी शेजारी दिसतात. तेथील आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत ‘प्रेडिक्टेड ग्रेड’ ही रीतसर व्यवस्था आहे. विद्यार्थ्याला अंतिम परीक्षेत कोणती श्रेणी मिळेल याविषयी शिक्षकांनी आधी नोंदवलेले मत, असा तिचा अर्थ. ब्रिटनमधील वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, आणि या शाळांतील आयबी डिप्लोमा या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची परीक्षा त्यानंतरच्या मे महिन्यात होते. म्हणजे ४५ पैकी किती गुण मिळतील याचा अंदाज परीक्षेच्या सहा-सात महिने आधी अर्जासोबत जातो, आणि विद्यापीठे त्यावरून मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते ठरवतात. शहरातल्या बहुसंख्य मुलांची वाट मात्र पीयू कॉलेज, म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावी, आणि ‘नीट’ ही देशव्यापी प्रवेशपरीक्षा यांतून जाते. तेथे पूर्वानुमानाची अधिकृत नोंद कोठेच नसते, पण बारावीच्या अंतिम परीक्षेआधीची ‘प्रिपरेटरी’, खासगी क्लासच्या सराव परीक्षा आणि त्यांतला क्रमांक यांवरून घर, वर्ग आणि नातेवाईक असा प्रत्येकजण आपापले भाकीत करतच असतो. पहिल्या वाटेवर कमी अंदाज दार उघडण्यापूर्वीच बंद करू शकतो आणि दुसऱ्या वाटेवर तो केवळ मनाला कोंडतो, हा फरक महत्त्वाचा आहे. तरीही दोन्ही ठिकाणी मूळ विचारणा एकच राहते.

भविष्यकथनाविषयी कोणती वृत्ती ठेवावी, याबाबत या शहराने विसाव्या शतकात दोन ठळक भूमिका पाहिल्या. बी. व्ही. रामन यांनी १९३६ पासून बंगळूरहून ‘द ॲस्ट्रॉलॉजिकल मॅगझिन’ हे मासिक दीर्घकाळ चालवले आणि इंग्रजी वाचणाऱ्या मध्यमवर्गात फलज्योतिषाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच शहरात नॅशनल कॉलेजचे प्राचार्य राहिलेले, पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले एच. नरसिंहय्या यांनी १९७६ मध्ये चमत्कार व अंधश्रद्धा तपासण्यासाठी समिती नेमली, आणि कोणताही दावा कितीही श्रद्धेय माणसाने केलेला असला तरी तो तपासणीला उभा राहिला पाहिजे असा आग्रह धरला. सराव परीक्षेतील आकड्याकडे आज जेव्हा कुंडलीकडे पाहावे तसे पाहिले जाते, तेव्हा यांपैकी दुसऱ्या वृत्तीची गरज भासते. आकडा गणिती पद्धतीने काढला आहे एवढ्यावरून तो शास्त्रीय ठरत नाही. तो कोणत्या आधारावर उभा आहे आणि कोणत्या अटीवर खरा ठरतो, हे विचारल्यानंतरच त्याची किंमत कळते.

ही विचारणा कशी करावी याचे साधन न्यायदर्शनाने दिले आहे. न्यायदर्शन म्हणजे योग्य ज्ञान कसे मिळते आणि ते कोठे चुकते याचा विचार करणारे भारतीय तर्कशास्त्र. त्यात अनुमानाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांतील दोन येथे थेट उपयोगी पडतात. कारणावरून पुढच्या कार्याचा अंदाज बांधणे म्हणजे पूर्ववत् अनुमान. भरून आलेले ढग पाहून पाऊस येईल असे म्हणणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. झालेल्या कार्यावरून मागच्या कारणाकडे जाणे म्हणजे शेषवत् अनुमान. नदीला पूर आलेला पाहून वरच्या बाजूला पाऊस झाला असे जाणणे, हे त्याचे उदाहरण. सराव परीक्षेतील कमी गुण या दोन्ही रीतींनी वाचता येतात. ‘आता इतके कमी आहेत, म्हणून पुढेही कमीच पडतील’ हे पूर्ववत् वाचन झाले, आणि ‘इतके कमी पडले, तर त्यामागे अभ्यासातले कोणते कारण असावे’ हे शेषवत् वाचन झाले. आकड्याचे बळ प्रामुख्याने दुसऱ्या वाचनात आहे, पहिल्यात ते फार थोडे आहे, आणि घराघरांत नेमका उलट क्रम लावला जातो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पहिले वाचन दुबळे का, याचे उत्तर नैयायिकांच्या ‘उपाधी’ या कल्पनेत सापडते. एखादा नियम वरवर सरसकट वाटत असला तरी प्रत्यक्षात तो एखाद्या न सांगितलेल्या अटीवर अवलंबून असेल, तर त्या अटीला उपाधी म्हणतात. जेथे धूर तेथे अग्नी हा नियम निर्दोष आहे, पण जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघण्यासाठी सरपण ओले असावे लागते, आणि तो ओलेपणा ही तेथे उपाधी. ‘आज कमी गुण, म्हणून अंतिम परीक्षेतही कमी गुण’ या अनुमानातही अशीच अट दडलेली असते: अभ्यासाची रीत, वेळ आणि साधने आजच्यासारखीच राहिली तर. ही अट बोलून दाखवली की भाकिताचा दरारा ओसरतो, कारण ती पाळली जावी की मोडली जावी हे बऱ्याच अंशी विद्यार्थ्याच्याच हाती असते. शिवाय ढग आणि विद्यार्थी यांच्यात एक मूलभूत भेद आहे: पावसाचा अंदाज ढगाला ऐकू जात नाही, तर विद्यार्थ्याविषयीचा अंदाज विद्यार्थ्याच्या कानी पडतो आणि तोच त्याच्या पुढील वर्तनाचे एक कारण बनतो. तो ऐकून कोणी हातपाय गाळून बसतो आणि भाकीत खरे ठरवतो, तर कोणी आपली रीत बदलतो आणि ते खोटे पाडतो. ऐकणाऱ्याने बदलावे म्हणूनच जे सांगितले जाते, ते खोटे ठरण्यातच सांगणाऱ्याचे यश असते.

शेषवत् वाचनालाही काळजी लागतेच. न्यायसूत्रांत असा आक्षेप नोंदवला आहे की, नदी फुगली म्हणजे पाऊसच झाला असे कशावरून, कोठे पाणी अडल्यानेही ती फुगू शकते. त्यावर भाष्यकार वात्स्यायनाचे उत्तर असे की, पावसाच्या पुराला वेग असतो, त्यात फेस असतो, पाने-फळे-लाकडे वाहत येतात, आणि या विशेष खुणा पाहूनच अनुमान करावे. गुणपत्रिकेवरची एकूण बेरीज म्हणजे नुसते फुगलेले पाणी. खुणा उत्तरपत्रिकेत असतात. सध्या नीटमध्ये भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे १८० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ वजा होतो आणि एकूण गुण ७२० असतात. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने १६० प्रश्न सोडवले, त्यांतील १२० बरोबर आणि ४० चूक ठरले. तिचे गुण ४४० होतील. हा आकडा घेऊन रडणे किंवा रागावणे सोपे आहे. पण तिने त्या ४० चुका एकेक करून तपासल्या आणि असे दिसले की १२ ठिकाणी प्रश्नातील ‘अयोग्य विधान निवडा’ ही सूचनाच नीट वाचली नव्हती, १० ठिकाणी सूत्र पाठ असूनही ऐनवेळी आठवले नाही, आणि १८ प्रश्न तर कधी उघडूनही न पाहिलेल्या प्रकरणांतले होते, तर एका आकड्याच्या जागी तीन वेगळी कारणे हाती येतात. पहिल्यावर उपाय म्हणजे प्रश्न सावकाश वाचण्याची सवय, आणि त्या १२ चुका टळल्या तर प्रत्येकी ५ गुणांच्या फरकाने ६० गुण वाढून तिचे ५०० होतात. दुसऱ्यावर उपाय म्हणजे ठरावीक अंतराने पुस्तक मिटून केलेली उजळणी. तिसऱ्याला मात्र सवड आणि शिक्षक दोन्ही लागतात. तिन्ही दोषांवर ‘अजून मेहनत कर’ हा एकच उपदेश करणे म्हणजे ताप, हगवण आणि मोडलेले हाड यांना एकच काढा देणे होय.

येथून चरकाकडे वळणे स्वाभाविक आहे. चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयाला, विचारतो की माणसाचे आयुष्य ठरलेले असते की नाही. आत्रेयाचे उत्तर एकांगी नाही: आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते, दुबळे दैव बलवान प्रयत्नापुढे नमते आणि बलवान दैवापुढे प्रयत्न थकतो, मात्र सर्वच ठरलेले आहे असे मानले तर औषध, पथ्य, शांतिकर्म, इतकेच काय, पिसाळलेल्या हत्तीपासून दूर पळणेही निरर्थक ठरेल. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात मैत्रेय याहून बोचरा प्रश्न विचारतो की, उपचार घेऊनही काही रोगी मरतात आणि न घेताही काही बरे होतात, मग चिकित्सेचा उपयोग काय? तेव्हा आत्रेय रोगांचे चार वर्ग समोर ठेवतो: सुखसाध्य, म्हणजे सहज बरे होणारे, कृच्छ्रसाध्य, म्हणजे कष्टाने बरे होणारे, याप्य, म्हणजे पूर्ण न गेले तरी पथ्याने आटोक्यात राहणारे, आणि असाध्य. संपूर्ण इंद्रियस्थान तर मृत्यूची पूर्वचिन्हे ओळखण्यालाच वाहिलेले आहे. वैद्यकाने पूर्वानुमान टाळले नाही, उलट ते वैद्याचे कर्तव्य मानले, आणि तरीही त्याला अंतिम निवाड्याचे स्थान दिले नाही, हे या सर्वांतून दिसते. कमी अंदाज मिळालेल्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या शिक्षकाने याच वर्गवारीने विचार करावा. हा दोष सहज दूर होणारा आहे, कष्टाने दूर होणारा आहे, की या वर्षी फक्त आटोक्यात ठेवता येण्याजोगा आहे, हे ठरवणे निराशेचे लक्षण नसून चिकित्सेची सुरुवात आहे.

अभ्यासाच्या रीतीविषयी विमानस्थानाचा आठवा अध्याय अधिक नेमके सांगतो. विद्यार्थ्याने पहाटे उठावे, शिकलेले पुन्हा पुन्हा आवर्तन करून पक्के करावे, आणि स्वतःच्या उच्चारातले व समजुतीतले दोष शोधून काढावेत असे सांगून तेथे ज्ञानवृद्धीचे तीन मार्ग दिले आहेत: अध्ययन, म्हणजे स्वतः शिकणे, अध्यापन, म्हणजे दुसऱ्याला शिकवणे, आणि तद्विद्यसंभाषा, म्हणजे तीच विद्या शिकणाऱ्यांशी केलेली चर्चा. या चर्चेने शंका फिटतात आणि कळलेले ठाम होते, असे चरक म्हणतो. क्लासमध्ये दिवसभर ऐकून आणि घरी येऊन अधोरेखित करून जे पदरी पडते, त्याहून अधिक काही मित्राला मूत्रपिंडाचे कार्य समजावून सांगताना पदरी पडते, कारण जेथे अडखळायला होते तेथेच अज्ञान उघडे पडते.

प्रयत्नाचे क्षेत्र नेमके कोठवर, हे गीतेच्या अठराव्या अध्यायातील पंचकारणांच्या विवेचनातून स्पष्ट होते. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यासाठी तेथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण, म्हणजे साधने, विविध चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष हालचाली, आणि पाचवे दैव. परीक्षेच्या संदर्भात शरीराचे आरोग्य, झोप आणि अभ्यासाला मिळणारी जागा हे अधिष्ठान. पुस्तके, प्रयोगशाळा आणि शिक्षक ही करणे. आणि रोजची उजळणी, सराव आणि चुकांची तपासणी या चेष्टा होत. कमी अंदाज आला की घरातील माणसे बहुधा कर्त्यावरच, म्हणजे मुलाच्या बुद्धीवर आणि इच्छाशक्तीवर, बोट ठेवतात. वास्तविक सुधारणा बहुधा करण आणि चेष्टा यांच्यात होते, आणि कित्येकदा ती अधिष्ठानात, म्हणजे रोज पाच तासांवर आलेली झोप पुन्हा सातांवर नेण्यात, दडलेली असते.

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहून, साचलेल्या कर्माचे प्रारब्ध आणि अनारब्ध असे भाग केले आहेत. प्रारब्ध म्हणजे ज्याचे फळ मिळू लागले आहे ते, आणि अनारब्ध म्हणजे ज्याचे फळ अजून सुरू झालेले नाही ते. हा भेद विद्यार्थ्याच्या अवस्थेला नेमका लागू पडतो, कारण सराव परीक्षा फक्त फळाला आलेल्या अभ्यासाची मोजणी करते. गेल्या महिन्यात बदललेली रीत, नुकतीच लागलेली सवय, हळूहळू जुळत चाललेल्या कल्पना, हे सारे खरे असूनही त्या आकड्यात अजून उतरलेले नसते.

तरीही दैव हे पाचवे कारण नाकारता येत नाही, आणि त्याविषयी विद्यार्थ्यांना गोड खोटे सांगणे हा अन्याय होय. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले, आणि देशातील एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. सर्वांनी आपापली सुधारणा केली तरीही बहुतेकांना जागा मिळणार नव्हती, आणि या टंचाईचा दोष कोणाच्या चारित्र्यावर टाकता येत नाही. त्याच वर्षी आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण जाहीर झाले, आणि पुढे भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे एकच उत्तर ग्राह्य धरल्यावर सुधारित निकालात ही संख्या १७ वर आली. २०२५ मध्ये प्रश्नपत्रिका इतकी अवघड होती की देशात पहिल्या आलेल्याचेही गुण ६८६ होते. ब्रिटनमध्ये २०२० साली महासाथीमुळे परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा इंग्लंडमधील ए-लेव्हल या बारावीच्या तोडीच्या परीक्षेतल्या सुमारे ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खाली आणणारे गणिती सूत्र १३ ऑगस्टला लागू झाले आणि लोकक्षोभामुळे १७ ऑगस्टला मागे घ्यावे लागले. या घटनांत ज्याला दैव म्हणावे ते ग्रहांत नव्हते, ते माणसांनी केलेल्या नियमांत होते. म्हणून अशा दैवापुढे विद्यार्थ्याने धीर धरावा हे जितके खरे, तितकेच समाजाने ते नियम न्याय्य करावेत हेही खरे. कर्नाटकाने २०२४ मध्ये बारावीची परीक्षा वर्षातून तीनदा घेऊन अधिक चांगले गुण राखण्याची मुभा दिली, हे या दिशेने टाकलेले एक पाऊल होय.

या अनिश्चिततेतूनच प्रार्थना जन्मते. वैद्यकीय जागांच्या वाटपासाठी मुले आणि पालक ज्या कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाकडे धाव घेतात, ते बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात आहे, आणि त्या भागाला नाव देणाऱ्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या दानाची स्मृती जोडलेली आहे. परीक्षेच्या दिवसांत अशा देवळांत हात जोडून उभ्या राहणाऱ्या आईवडिलांची श्रद्धा हिणवण्यासारखी मुळीच नाही. मात्र तुकारामांनी नवसाच्या देवघेवीवर कोरडे ओढले आणि रामदासांनी प्रयत्नालाच देवत्वाच्या पदवीला नेले, हेही मराठी धर्मविचाराचेच अंग आहे. त्या विचाराच्या प्रकाशात पाहता मन स्थिर व्हावे आणि फळ काहीही आले तरी मूल आपलेच राहावे, ही प्रार्थना धर्माला धरून आहे; केलेल्या कामाच्या जागी चमत्कार मागणे हे धर्माला धरून नाही.

अंदाज सांगणाऱ्यावरही तितकीच जबाबदारी येते. लंडनच्या संशोधक गिल वायनेस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील अवघ्या १६ टक्के अर्जदारांचे ए-लेव्हलचे अंदाज तंतोतंत खरे ठरले होते; तीन-चतुर्थांश अंदाज प्रत्यक्षाहून चढे होते, आणि गरीब घरांतल्या हुशार मुलांच्या वाट्याला प्रत्यक्षाहून कमी अंदाज येण्याचे प्रमाण सुखवस्तू घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होते. पालकांच्या आग्रहाखातर श्रेणी फुगवणारा शिक्षक असत्य बोलतो, आणि कारण न सांगता कमी श्रेणी हातावर ठेवणारा शिक्षक अर्धेच सत्य बोलतो. श्रेणी वाढवून मागण्याचा विद्यार्थ्याचा हक्क पुराव्यावर उभा असला पाहिजे: नंतरच्या चाचण्यांतले गुण, सुधारलेल्या उत्तरपत्रिका, पूर्ण केलेला अभ्यासक्रम. ‘कोणत्या खुणा दिसल्या तर हा अंदाज बदलाल?’ हा प्रश्न नम्रपणे विचारणे विद्यार्थ्याचे काम आहे आणि त्याचे स्पष्ट उत्तर देणे शिक्षकाचे.

शेवटी मूळ इच्छेकडेही पाहावे लागते. चरकाने वैद्य होऊ पाहणाऱ्याला शास्त्र निवडण्याआधी कार्याचे ओझे, त्याचे फळ, त्यामागून येणारे परिणाम, देश आणि काळ यांचा विचार करायला सांगितले आहे, आणि चिकित्सेचा हेतू पैसा वा उपभोग नसून भूतदया आहे असे बजावले आहे. कमी अंदाज या विचाराची संधी देतो. इच्छा दुसऱ्याच्या दुःखाकडे वळलेली असेल, तर ती एका वर्षाच्या उशिराने विझत नाही, आणि जागा मिळालीच नाही तर परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार किंवा सार्वजनिक आरोग्य यांतही तिला खरे काम सापडते; ती केवळ प्रतिष्ठेकडे वळलेली असेल, तर ७२० पैकी ७०० मिळूनही ती तृप्त होत नाही. निष्काम कर्माचा अर्थ फळाविषयी बेफिकिरी असा नाही, फळाच्या भीतीने कर्म बिघडू न देणे असा आहे. म्हणून कमी अंदाज हाती आलेल्या विद्यार्थ्याचे कर्तव्य एका क्रमात मांडता येते: प्रथम त्या आकड्याची कारणे उत्तरपत्रिकेत शोधणे, मग त्यांतील जी आपल्या हाती आहेत ती बदलणे, बदल झाल्याचा पुरावा गुरूपुढे ठेवणे, आणि जे हाती नाही त्याला आपल्या योग्यतेचे माप न मानणे. हा क्रम ज्याने स्वतःवर प्रामाणिकपणे चालवला, त्याने वैद्याच्या विचाराची रीत प्रवेशापूर्वीच शिकलेली असते, आणि निकाल कोणताही लागो, ती शिकवण वाया जात नाही.